कामगार मागवणाऱ्या देशाचा जमाखर्च

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी २०२४ च्या फेब्रुवारीत कुशल मनुष्यबळाचा करार केला. पहिल्या टप्प्यात दहा हजार तरुण पाठवायचे, त्यांना इथेच जर्मन शिकवायची, परिचारिकांपासून वीजतंत्री आणि वाहनचालकांपर्यंत अनेक कामांसाठी निवड करायची, असा तो बेत. तेव्हापासून या विषयावर जे छापून येते ते जवळपास सगळे पाठवणाऱ्याच्या बाजूचे असते. पगार किती, घरी पैसे किती येणार, पोरे परत येणार की तिकडचीच होणार, एवढ्यावर चर्चा थांबते. मागवणाऱ्या देशात या व्यवहाराने काय होते हे फारसे कोणी विचारत नाही. परक्याच्या संसाराची उठाठेव आपण का करावी, असे वाटणे साहजिक आहे. पण पाहुण्याला ओसरीवर बसवायचे की माजघरात, हे यजमान ठरवतो आणि स्वतःचा जमाखर्च पाहून ठरवतो. तो जमाखर्च आपल्या उमेदवारांनी, त्यांच्या पालकांनी आणि मुख्य म्हणजे करार करणाऱ्या अधिकाऱ्यांनी वाचलेला असावा, यासाठी हे पत्र.

बाहेरच्या कामगारांमुळे देशाला एकूण फायदा होतो की तोटा, यावर जगभर तावातावाने भांडणे होतात. श्रम-अर्थशास्त्र शिकवणाऱ्या आम्हा दोघांना हा प्रश्नच अर्धवट वाटतो. फायदा एका खात्यात जमा होतो, खर्चाची पावती दुसऱ्याच्याच नावे फाटते आणि या दोन खात्यांचा ताळमेळ घालण्याची जबाबदारी कोणावरच नसते. जर्मनीने हा प्रयोग सत्तर वर्षे केला आहे आणि त्याची नोंद तपशीलवार उपलब्ध आहे.

पश्चिम जर्मनीने पहिला भरती-करार २० डिसेंबर १९५५ रोजी इटलीशी केला. १९६० मध्ये स्पेन आणि ग्रीस, १९६१ मध्ये तुर्कस्तान, मग मोरोक्को, पोर्तुगाल, ट्युनिशिया आणि शेवटी १९६८ मध्ये युगोस्लाव्हिया असे एकेक देश जोडले गेले. १९६१ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली, पूर्वेकडून येणारे आयते कामगार बंद झाले आणि तुर्कस्तानातली भरती जोरात सुरू झाली. इस्तंबूलमध्ये जर्मन रोजगार खात्याचे कार्यालय होते. तिथे उमेदवारांची वैद्यकीय तपासणी होई, हातकामाची चाचणी होई आणि पास झालेल्यांना आगगाडीत बसवले जाई. म्युनिकच्या मुख्य स्थानकात ११ क्रमांकाच्या फलाटाखाली युद्धकाळातला भुयारी निवारा होता. गाडीतून उतरलेल्यांना तिथे नेऊन खायला घालत आणि नावे पुकारून कोण कोणत्या शहरातल्या कोणत्या कारखान्यात जाणार याची वाटणी करत. १९६४ मध्ये कोलोनला उतरलेल्या एका पोर्तुगीज सुताराला दहा लाखावा पाहुणा कामगार म्हणून मोपेड भेट देण्यात आली. १९५५ ते १९७३ या काळात सुमारे १ कोटी ४० लाख लोक आले आणि त्यातले सुमारे १ कोटी १० लाख परतही गेले. आलेला माणूस कधी परत जातच नाही, हा समज किती कच्चा आहे ते या दोन आकड्यांवरूनच दिसते.

या भरतीचा आर्थिक लाभ कोणाला झाला? पहिला लाभार्थी पेन्शन निधी. जर्मन पेन्शनमध्ये आपण भरलेला पैसा आपल्या नावे साठत नाही. आज काम करणाऱ्यांच्या हप्त्यांतून आजच्या वृद्धांना निवृत्तिवेतन दिले जाते. १९५७ च्या सुधारणेने हे निवृत्तिवेतन वाढत्या पगारांशी जोडले गेले, म्हणजे निधीवरचा भार वाढला. नेमक्या त्याच सुमारास दुसऱ्या देशाच्या खर्चाने लहानाचे मोठे झालेले, धडधाकट, विशी-तिशीतले लाखो लोक येऊन पहिल्या दिवसापासून हप्ते भरू लागले. त्यांचे आईवडील पेन्शन मागायला जर्मनीत नव्हते. यापेक्षा चांगला वर्गणीदार कोणत्याही निधीला मिळणार नाही.

दुसरा लाभार्थी खुद्द जर्मन कामगार, आणि हे तिथल्या प्रचारसभांत कोणी सांगत नाही. १९६० ते १९७० या दहा वर्षांत अंदाजे २३ लाख जर्मन माणसे कारखान्यातल्या हातकामावरून कचेरीतल्या, देखरेखीच्या किंवा तांत्रिक जागांवर सरकली. खालच्या जागा भरायला नवे लोक आले म्हणून वरच्या जागा निघाल्या. लाइनवर तुर्की आणि इटालियन, त्यांच्यावर जर्मन मुकादम, अशी उतरंड मोटार कारखान्यांतून तयार झाली.

मजुरी पडते हा आक्षेप मात्र झटकून टाकता येणार नाही. सरासरी पाहिली तर स्थानिकांच्या वेतनावरचा परिणाम किरकोळ निघतो, असेच बहुतेक अभ्यास सांगतात. पण सरासरीत बरेच काही दडते. नव्याने आलेल्या माणसाची स्पर्धा होते ती त्याच्याच आधी दहा वर्षे आलेल्याशी, कारण दोघांची भाषा, कौशल्य आणि मिळणारे काम एकसारखे असते. वेतनाचा खरा फटका जुन्या स्थलांतरितांना बसतो. जुने रहिवासी झालेले स्थलांतरित नव्यांविरुद्ध मतदान करतात, याचे नवल वाटण्याचे कारण नाही.

आता खर्चाची बाजू. मूळ योजना आळीपाळीची होती: माणूस दोन वर्षे येणार, काम करणार, परत जाणार, त्याच्या जागी दुसरा. तुर्कस्तानशी झालेल्या करारात ही दोन वर्षांची अट स्पष्ट होती. ती मोडली कोणी? कामगारांनी नव्हे, कारखानदारांनी. माणूस यंत्रावर बसवून, त्याला कामाचे शब्द शिकवून, चुका कमी होईपर्यंत सहा-आठ महिने जातात. तो तयार झाला की घरी पाठवायचा आणि नव्याला धडे द्यायचे, हे त्यांना परवडेना. १९६४ मध्ये ती अट काढली गेली. म्हणजे माणसे राहणार हे १९६४ मध्येच ठरले. पण शाळा, घरे आणि भाषा यांचे नियोजन पुढची अनेक वर्षे ती जाणार आहेत असे धरूनच होत राहिले. आमच्या मते जर्मनीच्या पुढच्या बहुतेक दुखण्यांचे मूळ या एका विसंगतीत आहे.

मग तेलसंकट आले आणि २३ नोव्हेंबर १९७३ रोजी भरती बंद झाली. तोवर माणसे हंगामाप्रमाणे जात-येत होती. गावी वर्षभर राहून पुन्हा येता येत होते. दार बंद होणार म्हटल्यावर कोणी बाहेर पडेना, कारण एकदा गेले की परत आत यायची सोय नाही. उलट बायकामुलांना बोलावून घेणे सुरू झाले. त्यात १९७५ पासून मायदेशी ठेवलेल्या मुलांसाठीचा बालभत्ता जर्मनीत राहणाऱ्या मुलांपेक्षा कमी करण्यात आला. पैसे वाचवायला घेतलेल्या या निर्णयाने मुले जर्मनीत आणण्याचे आणखी एक रोकडे कारण हातात दिले. परिणाम आकड्यांत स्पष्ट दिसतो. कामावर असलेले परदेशी २६ लाखांवरून १९८० पर्यंत साधारण २० लाखांवर आले, तर एकूण परदेशी लोकसंख्या ४० लाखांवरून ४४ लाखांच्या पुढे गेली. हप्ता भरणारे कमी झाले, शाळेत जाणारे वाढले. सीमा बंद केल्याने लोकसंख्या वाढते, हा धडा पुढे अनेक देशांनी स्वतःच्या खर्चाने पुन्हा शिकून घेतला आहे.

हा वाढलेला खर्च कोणाच्या अंगावर पडला, ते जर्मन करवाटपात पाहावे. प्राप्तिकरातला ४२.५ टक्के वाटा संघराज्याला, ४२.५ टक्के राज्याला आणि १५ टक्के नगरपालिकेला जातो. पेन्शनचे हप्ते थेट केंद्रीय निधीत. पण शाळेची इमारत बांधायची नगरपालिकेने, पाळणाघर उभारायचे नगरपालिकेने, परदेशी नागरिकांच्या परवान्यांची कचेरी चालवायची तीही बहुतेक ठिकाणी शहराने किंवा जिल्ह्याने. एका कामगारापासून देशाला फायदा झाला असे अर्थमंत्री सांगतो ते खोटे नसते, आणि आमच्या शाळेत वर्ग पुरत नाहीत असे महापौर म्हणतो तेही खोटे नसते. १९७५ मध्ये परदेशी लोकांचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेलेल्या भागांत नव्या परदेशी माणसांनी राहायला यायचे नाही, अशी बंदी घातली गेली. बर्लिनमध्ये ती क्रॉयझबर्ग, टिअरगार्टन आणि वेडिंग या तीन भागांना लागू होती. पासपोर्टावर तसा शिक्का मारत. उपयोग काय झाला? नातेवाईक तिथेच राहत राहिले, फक्त नोंदणी दुसऱ्या पत्त्यावर झाली. घरमालक मात्र खूश होते, कारण पाडायला काढलेल्या जुन्या इमारतींना भाडेकरू मिळाले.

शाळेचे नुकसान सर्वांत खोल. बहुतेक जर्मन राज्यांत चौथीनंतर, म्हणजे दहाव्या वर्षी, मुलांची वाटणी होते: विद्यापीठाकडे नेणारी शाळा वेगळी, कारागिरीकडे नेणारी वेगळी. तेव्हा शाळा दुपारी सुटे आणि उरलेला अभ्यास घरी आईवडिलांनी घ्यायचा, असे गृहीत धरलेले असे. घरी जर्मन न बोलणारे मूल आठव्या-नवव्या वर्षी तिथे पोहोचले तर त्याच्याकडे भाषा शिकायला जेमतेम वर्ष-दोन वर्षे उरतात. काही राज्यांनी तर परदेशी मुलांचे वेगळे वर्ग मातृभाषेतून भरवले, कारण ती परत जाणार आहेत ना! करोना लसीमुळे जगाला माहीत झालेले डॉ. उगुर शाहीन यांची गोष्ट तिथे सर्वांना ठाऊक आहे. वडील कोलोनच्या फोर्ड कारखान्यात कामगार. प्राथमिक शाळेतल्या शिक्षकाने मुलाची शिफारस खालच्या शाळेसाठी केली होती; एका जर्मन शेजाऱ्याने मध्ये पडून ती बदलून घेतली. शेजारी मध्ये पडला नाही अशी मुले किती होती, याची मोजदाद कोणाकडे नाही. पण पुढे कुशल कामगारांचा तुटवडा म्हणून ओरड झाली, तेव्हा तो तुटवडा काही अंशी याच वर्गखोल्यांत तयार झालेला होता.

महाराष्ट्राला ही यंत्रणा अपरिचित नसावी. बीडहून पश्चिम महाराष्ट्रात जाणाऱ्या ऊसतोड कामगारांची मुले ऐन शाळेच्या हंगामात फडावर असतात. साखर ज्या जिल्ह्यात तयार होते तिथल्या जिल्हा परिषदेला ती मुले आपली वाटत नाहीत आणि गावच्या शाळेच्या पटावर ती नुसती नावापुरती राहतात.

धर्माच्या बाबतीत जर्मनीने वेगळीच चूक केली. नमाजासाठी जागा कामगारांनी कारखान्यामागच्या गोदामांत आणि इमारतींच्या परसदारी स्वतः केल्या. इमाम कोण पुरवणार, हा प्रश्न जर्मन राज्यांनी हाताबाहेर ठेवला, तेव्हा १९८४ मध्ये कोलोनला स्थापन झालेल्या संस्थेमार्फत तुर्की सरकारच आपले पगारी इमाम पाठवू लागले. तेव्हा ते सोयीचे वाटले. तीन दशकांनी अंकाराशी संबंध बिघडले तेव्हा जर्मनीला कळले की आपल्या नागरिकांच्या प्रार्थनास्थळांत दुसऱ्या देशाचे कर्मचारी बसलेले आहेत.

परत पाठवण्याचाही प्रयत्न झाला. १९८३ च्या कायद्याने बेकार झालेल्या कामगाराला देश सोडल्यास १०,५०० मार्क आणि मुलामागे १,५०० मार्क देऊ केले. शिवाय पेन्शनमध्ये त्याने स्वतः भरलेला हिस्सा लगेच परत. मालकाने भरलेला हिस्सा मात्र निधीतच राहिला आणि त्या माणसाचा म्हातारपणीचा हक्क संपला. बक्षीस दिले असे भासवून निधीने दायित्व उतरवले, असे कोणी म्हटले तर ते चूक ठरणार नाही.

पूर्व जर्मनीने आळीपाळी खरोखर राबवली. व्हिएतनाम आणि मोझांबिकहून आलेल्या कंत्राटी कामगारांना वेगळ्या वसतिगृहांत ठेवले, स्थानिकांशी फार मिसळू दिले नाही आणि स्त्री गरोदर राहिली तर गर्भपात किंवा परतीचे विमान, असा नियम होता. १९९२ च्या ऑगस्टमध्ये रोस्टोकच्या लिष्टेनहागेन भागात जमावाने जाळले ते घर व्हिएतनामी कामगारांचेच होते, आणि आजूबाजूला टाळ्या वाजवणारे शेजारी होते. आजही परदेशी माणसांचे प्रमाण कमी असलेल्या पूर्वेकडच्या राज्यांतच स्थलांतरविरोधी पक्षाला सर्वांत जास्त मते पडतात. २०२५ च्या फेब्रुवारीतील निवडणुकीत देशभरात त्या पक्षाला २०.८ टक्के मते मिळाली. लोक वेगळे ठेवले की कुरबुर टळते, असे मानणाऱ्यांनी हा नकाशा एकदा बघावा.

हे सगळे जुने झाले, आता जर्मनी शहाणा झाला, असे म्हणता येईल का? अर्धेमुर्धे. २००० पासून तिथे जन्मलेल्या परदेशी मुलांना अटींसह नागरिकत्व मिळू लागले. २००५ मध्ये भाषेच्या वर्गांना कायद्याचा आधार मिळाला: ६०० तास भाषा आणि वर समाजपरिचयाचे तास. इटलीच्या करारापासून मोजले तर याला पन्नास वर्षे लागली. २०२४ पासून नागरिकत्वासाठी आठऐवजी पाच वर्षांचे वास्तव्य पुरते आणि मूळचे नागरिकत्व सोडावे लागत नाही (भारताचा कायदा ते ठेवू देत नाही, हा भाग वेगळा).

पण मजुरीच्या बाबतीत जुने दुखणे नव्या रूपात परतले. कत्तलखान्यांनी रोमानिया, बल्गेरियातून माणसे आणली, पण ती स्वतःच्या पटावर घेतली नाहीत. काम उपठेकेदाराला, त्याने आणखी एकाला. किमान वेतन कागदावर मिळे; त्यातून खाटेचे भाडे, गाडीचे भाडे, सुऱ्यांचे पैसे कापून घेत. तास कमी लिहीत. २०२० च्या जूनमध्ये रेडा-विडेनब्र्यूक इथल्या मोठ्या कत्तलखान्यात दीड हजारांवर कामगारांना करोना झाला आणि सगळा जिल्हा पुन्हा टाळेबंदीत गेला, तेव्हा एका खोलीत किती जण झोपतात हे देशाने पाहिले. जानेवारी २०२१ पासून मोठ्या मांस कारखान्यांत कापणी-सोलणीच्या कामाला उपठेकेदारीची बंदी आली. एप्रिलपासून भाड्याच्या मजुरांवरही निर्बंध आले. मांस महागून लोक उपाशी मरतील असे सांगणारे खोटे ठरले. स्थानिकांची मजुरी परदेशी माणूस आल्याने पडली नव्हती; त्याला कोणत्या कागदावर ठेवले त्यामुळे पडली होती.

घरोघरी राहून वृद्धांची सेवा करणाऱ्या पोलिश, बल्गेरियन बायकांचेही तेच. करारात आठवड्याचे तीस तास, प्रत्यक्षात रात्रीच्या हाकेलाही उठायचे. २४ जून २०२१ रोजी सर्वोच्च श्रम न्यायालयाने निकाल दिला की हाकेसाठी तयार बसलेला वेळ हाही कामाचाच आणि त्यालाही किमान वेतन लागू. या निकालाने जर्मन मध्यमवर्गाला कळले की आईची सेवा आजवर एवढ्या स्वस्तात का होत होती.

आता आपल्या तरुणांकडे येऊ. जर्मन रोजगार संशोधन संस्थेचा अंदाज असा की बाहेरून माणसे आलीच नाहीत तर २०३५ पर्यंत देशात सुमारे ७० लाख कामगार कमी पडतील. मनुष्यबळ आहे तेवढे टिकवायला वर्षाला निव्वळ ४ लाख माणसे बाहेरून यावी लागतील. रुग्णसेवेत तर गेल्या काही वर्षांत कर्मचारी वाढले ते परदेशी नागरिकांमुळेच. जर्मन परिचारिकांची संख्या घटते आहे. गरज खरी आहे. पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग हा मोटारींचा प्रदेश, आणि तिथे गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी कपातीच्या घोषणा केलेल्या आहेत. गिअरबॉक्स जोडणारा पन्नाशीचा माणूस उद्या रुग्णालयात परिचारक होत नाही; दोन्ही बाजार वेगळे. तरीही एकाच शहरात एकाची नोकरी जाते आणि दुसरा विमानातून उतरतो, हे दिसायला एकत्रच दिसते. आपल्या मुलांना या वातावरणात उतरायचे आहे.

अडते कुठे, ते परिचारिकेच्या उदाहरणाने सांगतो. भारतीय पदवी घेऊन ती जाते. पदवीला मान्यता मिळावी म्हणून कागद राज्याची राजधानी स्टुटगार्ट इथल्या विभागीय प्रशासनाकडे जातात. तिथून बहुधा त्रुटींचे पत्र येते: अमुक विषयाचे इतके तास कमी, तमुक प्रात्यक्षिक नाही. मग दोन वाटा. एक, ज्ञानपरीक्षा, दुसरी, काही महिन्यांचा जुळवणीचा अभ्यासक्रम. शिवाय भाषेची बी-२ पातळी (युरोपीय मोजणीत ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा पातळ्या असतात, त्यातली चौथी). हे पूर्ण होईपर्यंत ती सहायक म्हणून, सहायकाच्या पगारावर काम करते. आणि वॉर्डात पहिला धक्का वेगळाच बसतो. आपल्याकडे रुग्णाला आंघोळ घालणे, भरवणे, कपडे बदलणे हे नातेवाईक किंवा आया-मावशी करतात. परिचारिका औषधे, सलाईन, नोंदी पाहते. जर्मनीत अंग पुसणे आणि भरवणे हा परिचारिकेच्या व्यवसायाचा गाभा मानला जातो, तर शिरेत सुई घालण्यासारखी अनेक कामे डॉक्टरकडे असतात. आपल्या मुलीला वाटते, मला मोलकरीण केले. तिथल्या ज्येष्ठ परिचारिकेला वाटते, हिला रुग्णाला हात लावायची लाज वाटते. दोघीही आपापल्या शिक्षणाप्रमाणे बरोबर असतात. निघण्यापूर्वी यावर एक दिवस जरी बोलले गेले तर पुष्कळ कटुता टळेल. यजमानाचाही यात खर्च आहे: नवीला शिकवायला अनुभवी परिचारिकेचे तास लागतात, आणि आधीच माणसे कमी असलेल्या वॉर्डात ते तास कोणी मोकळे करून दिले नाहीत तर सगळा राग नव्या मुलीवर निघतो.

आयटीआयच्या मुलांची गोष्ट निराळी. जर्मन कारागीर तीन-साडेतीन वर्षे कारखाना आणि शाळा यांत विभागून शिकतो. आपले दोन वर्षांचे प्रमाणपत्र तिथे बहुधा अंशतः समकक्ष ठरते. उद्योगक्षेत्रातील पात्रता न्युर्नबर्गच्या केंद्रीय कार्यालयात तपासल्या जातात, वीजतंत्री-नळजोडणी अशा हस्तव्यवसायांच्या पात्रता तिथल्या हस्तव्यवसाय मंडळांत. तपासणारा माणूस प्रमाणपत्रावरचे गुण पाहत नाही. विषयवार तास आणि कामाचा तपशील पाहतो. इथे आपली मुले मार खातात. अनुभवाच्या दाखल्यावर ‘वीजतंत्री म्हणून समाधानकारक काम केले’ एवढीच एक ओळ असते. कोणते पॅनेल जोडले, किती व्होल्टपर्यंतचे काम, मोटारीची दुरुस्ती केली की नुसती वायर ओढली, हे लिहिलेले नसेल तर तो अनुभव मोजला जात नाही. प्रत्येक आयटीआयने आपल्या अभ्यासक्रमाचे तासवार विवरण जर्मन अनुवादासह एकदाच तयार करून ठेवले तर हजारो मुलांचे पैसे आणि महिने वाचतील. मार्च २०२४ पासून ए-२ पातळीच्या जर्मनवर आधी नोकरीवर जाऊन मान्यतेची प्रक्रिया तिथे पूर्ण करण्याची वाट खुली झाली आहे. ती चांगली आहे. पण ए-२ म्हणजे दुकानात भाजी घेण्याइतकी भाषा. तेवढ्यावर माणूस ज्या मालकाने आणला त्याच्याच दारात अडकतो, कारण दुसरी नोकरी शोधायला लागणारी भाषा त्याच्याकडे नसते. वाहनचालकांनी तर हे पक्के लक्षात ठेवावे की भारतीय परवाना तिथे वास्तव्य सुरू झाल्यापासून सहाच महिने चालतो आणि ट्रकसाठी परीक्षा आणि व्यावसायिक पात्रता वेगळी मिळवावी लागते.

भाषेच्या तासांबद्दल आपल्याकडे फार हलकेपणाने बोलले जाते. शून्यापासून बी-१ गाठायला ४५ मिनिटांच्या ३५० ते ६५० तासिका लागतात, बी-२ ला ६०० ते ८००. रोज तीन तासिका, आठवड्याला पाच दिवस धरले तर बी-२ ला दहा महिने ते वर्ष. चार महिन्यांत जर्मनी, अशी जाहिरात करणाऱ्या वर्गाच्या पायऱ्या चढू नयेत.

शासनाकडे आमचे मागणे थोडे आहे. भरतीचा सगळा खर्च, म्हणजे भाषा, परीक्षा, अनुवाद, व्हिसा, विमान, हा मालकाने करायचा, असे करारात लिहून घ्यावे. केरळने डिसेंबर २०२१ मध्ये जर्मन रोजगार खात्याशी परिचारिकांसाठी केलेल्या व्यवस्थेत उमेदवाराकडून भरतीशुल्क घेतले जात नाही. महाराष्ट्राने यापेक्षा कमी मान्य करण्याचे कारण नाही. कर्ज काढून गेलेला माणूस वाईट मालकाला सोडू शकत नाही, आणि स्थानिकांची मजुरी पाडणारा हाच माणूस असतो. नियुक्ती मूळ मालकाच्या पटावर हवी, मध्यस्थ पुरवठादाराच्या नव्हे. मान्यता मिळाल्यावर पगार कोणत्या श्रेणीत जाईल आणि किती दिवसांत, हे नेमणूकपत्रात असावे. पहिल्या सहा महिन्यांच्या घराचा पत्ता उमेदवाराच्या हातात असावा, कारण स्टुटगार्टच्या परिसरात भाड्याचे घर मिळणे हे नोकरी मिळण्यापेक्षा अवघड आहे. आणि जोडीदार, मुले कधी येऊ शकतील याचे वेळापत्रक आधीच ठरवावे. १९७३ नंतरचा गोंधळ ते न ठरवल्याने झाला.

शेवटी पेन्शनचा मुद्दा, जो निघताना कोणी सांगत नाही. पगारातून पेन्शनसाठी १८.६ टक्के जातात, निम्मे कामगाराचे, निम्मे मालकाचे. भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करार १ मे २०१७ पासून लागू आहे. साठ महिन्यांचा भरणा झाला की भारतात राहूनही वयोमानानुसार जर्मन निवृत्तिवेतन मिळू शकते. त्याआधी परत आल्यास चोवीस महिने थांबून अर्ज करता येतो, पण मिळतो फक्त स्वतःचा निम्मा हिस्सा. मालकाचा हिस्सा तिथल्या निधीत राहतो. अठ्ठावनाव्या महिन्यात नोकरी सोडणाऱ्याने हा हिशेब आधी करावा. जिल्हा पातळीवर या योजनेचे मार्गदर्शन करणाऱ्यांनी पेन्शन विमा क्रमांकाचे पत्र आणि मालकाकडून दरवर्षी मिळणारे भरण्याचे विवरण जपून ठेवायला प्रत्येक उमेदवाराला लेखी सांगावे, आणि त्या सूचनेचा मराठी मसुदा शासनाने संकेतस्थळावर टाकावा.

आपले,
श्रम-अर्थशास्त्राचे दोन अध्यापक, पुणे